पान्हा, पथ्य आणि पत्र्याचा डबा : महाराष्ट्रातील बाळंतिणीच्या स्तनपानविषयक अडचणींचा इतिहास

बीजसंज्ञा : स्तन्य, पान्हा, चीक, सुईण, दूधआई, वरचे दूध, दूधपेढी

प्रस्तावना :

'पान्हा' हा शब्द संस्कृत 'प्रस्नव' या शब्दापासून प्राकृतमार्गे मराठीत आला. पान्हा फुटणे, पान्हा चोरणे, दूध उतरणे, दूध आटणे, छाती भरून येणे, दुधाला दृष्ट लागणे, अंगावरचे दूध आणि वरचे दूध अशी या विषयाची शब्दसंपत्ती मराठीत विपुल आहे. ती बारकाईने पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. हे शब्द वात्सल्याचा गौरव करणारे जितके आहेत, तितकेच अडचणीची नोंद करणारेही आहेत. दूध 'उतरावे' लागते, ते 'आटते', ते 'चोरले' जाते आणि कधी नुसते साचून राहते. नव्या बाळंतिणीला दूध पाजणे सहज साधत नाही, हे भाषेला फार पूर्वीपासून ठाऊक होते.

इतिहासलेखनाने मात्र या अनुभवाकडे जवळजवळ पाठ फिरवली. हिरकणीची कथा प्रत्येक मराठी माणसाला माहीत असते. रायगडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हे बाळ भुकेले होते आणि ती गवळण कडा उतरून गेली. ही आख्यायिका आहे, तिच्या ऐतिहासिकतेचा वाद येथे उपस्थित करण्याचे कारण नाही. परंतु कथेत सारे लक्ष बाळाच्या भुकेकडे आणि आईच्या धैर्याकडे असते. दिवसभर न पाजलेल्या बाईच्या छातीची काय अवस्था झाली असेल, ती ठणकत असेल, दगडासारखी झाली असेल, याचा उल्लेख कथा सांगणारा करत नाही. ऐकणाऱ्या बायकांना तो अर्थातच समजत असावा.

प्रस्तुत निबंधात बाळंतिणीच्या तीन नेहमीच्या अडचणींचा मागोवा घेतला आहे : पहिल्या दिवसांत दूध न उतरणे, छाती भरून गाठी किंवा गळू होणे, आणि दूध पुरत नसल्याची भीती. या अडचणींवरील उपाय महाराष्ट्रात दोन प्रकारचे होते. एक उपाय हातांचा होता : बाळ कसे धरावे, दूध कसे पिळावे, गाठ कशी मोकळी करावी. दुसरा स्वयंपाकघराचा होता : काय खावे, काय टाळावे. स्वयंपाकघरातला उपाय टिकला. हातांचा उपाय मात्र गेल्या शंभर वर्षांत हरवत गेला आणि त्याच्या रिकाम्या जागी बाजारातला पत्र्याचा डबा येऊन बसला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

संहिताग्रंथांतील स्तन्यविचार :

आयुर्वेदाच्या संहितांमध्ये स्तन्याचा विचार विस्ताराने आला आहे. त्याकडे केवळ गौरवाने किंवा केवळ उपहासाने पाहण्याची प्रथा आपल्याकडे आहे. दोन्ही टाळून ग्रंथ वाचले तर त्यांतील विसंगतीच अधिक बोलकी वाटते.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील दहाव्या अध्यायानुसार प्रसूतीनंतर तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी दूध प्रवृत्त होते. म्हणून तोवर बालकाला मध, तूप इत्यादी चाटवण्याचा विधी सांगितला आहे. चरकसंहितेत मात्र मध-तुपाचे प्राशन झाल्यावर लगेच उजवा स्तन प्रथम द्यावा असे म्हटले आहे. म्हणजे पहिल्या दिवशी अंगावर पाजावे की नाही, यावर प्राचीन परंपरेतही एकमत नव्हते. निरीक्षण म्हणून सुश्रुताचे म्हणणे चुकीचे नाही, कारण भरपूर दूध साधारणतः दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारासच येते. त्याआधी थेंबांनी येणारा पिवळसर चीक त्याच्या हिशेबात आला नाही. आज बालरोगतज्ज्ञ या चिकालाच बाळाचे पहिले संरक्षण मानतात आणि एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये असे बजावतात.

सुश्रुताची दुसरी दोन निरीक्षणे मात्र थक्क करणारी आहेत. राग, शोक आणि अपत्याविषयीचा स्नेह आटणे ही त्याने दूध नाहीसे होण्याची कारणे दिली आहेत. ताण, भीती आणि वेदना यांमुळे ऑक्सिटोसिनच्या स्रावात अडथळा येऊन दूध बाहेर येणे तात्पुरते मंदावते, हे आधुनिक शरीरशास्त्राने वेगळ्या मार्गाने सिद्ध केले. दुसरे असे की, पाजण्यापूर्वी थोडे दूध काढून टाकावे, अन्यथा ताठरलेल्या भरल्या स्तनातून पिताना बालकाला ठसका, खोकला, उलटी होते, असे तो सांगतो. छाती फार भरली की स्तनाग्रापाशी ताठरता येते आणि बाळाला नीट तोंडात धरता येत नाही. थोडे दूध हाताने काढले की तो भाग मऊ होतो. आजही प्रशिक्षित परिचारिका हेच सांगते. चिकित्सास्थानातील सतराव्या अध्यायात स्तनविद्रधीच्या, म्हणजे छातीतील गळवाच्या, कोणत्याही अवस्थेत स्तन मोकळे करत राहावेत असा आदेश आहे. छाती सुजली असतानाही पाजणे थांबवू नये, हे आजचे मत त्याच दिशेचे आहे. जोरजोरात चोळणे व गरजेपेक्षा अधिक पिळणे यांनी सूज वाढते, आणि पू झालेल्या गळवाला डॉक्टरच लागतो, ही त्यातली नवी भर.

काश्यपसंहिता हा तर कौमारभृत्याचाच ग्रंथ. नेपाळात सापडलेल्या खंडित हस्तलिखितावरून तो १९३८ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झाला. त्यात 'स्तनकीलक' नावाची व्याधी वर्णिली आहे. अन्नातून पोटात गेलेले गवत, केस, कीटक यांसारखे पदार्थ दुधाच्या वाटेने स्तनात येऊन खिळ्यासारखे रुततात, अशी तिची कारणमीमांसा आहे. कारणमीमांसा आज कोणी मान्य करणार नाही. पण आत काहीतरी खिळा ठोकल्यासारखे रुतले आहे, ही वेदनेची उपमा कोणा बाळंतिणीकडून ऐकल्याखेरीज ग्रंथकाराला सुचली असेल असे वाटत नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दूध 'दुष्ट' होते आणि त्याचे कारण आईचा आहारविहार असतो, हा सिद्धान्तही याच ग्रंथांचा. दूध पाण्यात टाकून त्याची परीक्षा करावी. पाण्यात एकजीव होणारे शुद्ध, तरंगणारे किंवा बुडणारे सदोष, असे निकष त्यात आहेत. बाळ रडले की आईने काय खाल्ले होते याची चौकशी घरात सुरू होते, तिचे एक मूळ येथे आहे. उपचाराबरोबर आरोपही वारशात आला.

सुईण, शेगडी आणि अळीव :

संहिता वाचणारे थोडे होते. गावोगावच्या बाळंतिणीला उपयोग झाला तो सुईणीचा आणि घरातल्या जाणत्या बायकांचा. बाळंतिणीची अंधारी खोली, सव्वा महिन्याचे सोयर-संकेत, शेक-शेगडी, बाळ-बाळंतिणीचे तेल लावणे, पाचवी आणि सटवाईची पूजा ही चौकट जातिजातींत थोड्याफार फरकाने सारखीच होती. तिचे वर्णन लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी केले आहे. तिच्यातील आहार तर आजही चालू आहे : डिंकाचे व मेथीचे लाडू, अळिवाची खीर, खसखस, बाळंतशोपा, लसूण, बाजरी. यांतील लसणाचा उल्लेख सुश्रुताच्या दूध वाढवणाऱ्या पदार्थांच्या यादीतही सापडतो. शतावरी, विदारीकंदही त्याच यादीत आहेत. यांपैकी कशाने दूध प्रत्यक्ष किती वाढते याचे पुरावे तोकडे आहेत. परंतु एरवी सर्वांच्या शेवटी जेवणाऱ्या सुनेला सव्वा महिना तूप-गूळ-डिंक मिळतो, ही गोष्ट तेवढ्याने क्षुल्लक ठरत नाही.

या चौकटीची काळी बाजूही नोंदवली पाहिजे. चीक अनेक घरांत पिळून टाकून देत असत. तो घाण, जड किंवा साचलेला मानला जाई. बाळाच्या तोंडी पहिल्यांदा मध, गुळाचे पाणी किंवा गुटी जाई. विलक्षण असे की, व्यालेल्या गाई-म्हशीच्या चिकाचा खरवस त्याच घरांत कौतुकाने खाल्ला जात असे. जनावराचा चीक पक्वान्न आणि बाईचा चीक अपवित्र, या भेदाची संगती प्रसूतीच्या विटाळाशिवाय दुसऱ्या कशाने लागत नाही. आणि पहिले तीन दिवस बाळ छातीशी न लावल्यामुळे चौथ्या दिवशी छाती अधिकच ताठरत असली पाहिजे. म्हणजे सुईणीला जी गाठ मोकळी करावी लागे, तिचे एक कारण रूढीनेच निर्माण केलेले होते.

तरीही त्या खोलीत एक गोष्ट होती जी पुढे दुर्मीळ झाली. ज्यांनी स्वतः चार-सहा मुले पाजली आहेत अशा दोन-तीन बायका नव्या आईच्या शेजारी बसलेल्या असत. बाळाचे तोंड पुरेसे उघडले आहे की ते केवळ टोकाला लागले आहे, हे त्या डोळ्यांनी पाहत. स्तनाग्राला भेगा पडण्याचे मुख्य कारण बाळ नीट न लागणे हेच असते. ते पुस्तकातून शिकणे कठीण आणि शेजारून पाहणे सोपे. सुईणीचे हे ज्ञान कोणत्याही कागदावर नाही. वतनांच्या, वैरांच्या आणि वसुलीच्या नोंदी ठेवणाऱ्या आपल्या दफ्तरांत ते असण्याची शक्यताही नव्हती.

दूधआई :

आईला दूध नसेल तर काय, या प्रश्नाला संहितांनी 'धात्री' हे उत्तर दिले. वाग्भटाने तिच्याअभावी शेळीचे किंवा गाईचे दूध सुचवले. मराठ्यांच्या इतिहासातील सर्वांत परिचित उदाहरण संभाजी महाराजांचे. त्यांचा जन्म १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर झाला. सईबाईंची प्रकृती क्षीण झाल्याने कापूरहोळच्या गाडे पाटील घराण्यातील धाराऊ हिने त्यांना दूध पाजले, असे परंपरेने सांगितले जाते. दोन वर्षांनी, १६५९ मध्ये, सईबाई निवर्तल्या. राजघराण्यातील स्त्रीलाही दूध न पुरण्याचा प्रसंग आला आणि त्यात कोणाला नामुष्की वाटली नाही. उलट 'दूधआई' हे नाते मानाचे ठरले. मात्र धाराऊच्या स्वतःच्या तान्ह्याच्या वाट्याला त्या काळात काय आले, हे कोणी विचारले नाही. पुढे इंग्रज कुटुंबांनीही हिंदी दाया ठेवल्या, तेव्हा हाच प्रश्न अधिक उघडपणे उभा राहिला; तेथे मानाचे नाते नव्हते, पगार होता.

गिरणी, घड्याळ आणि डबा :

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चित्र पालटू लागले. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांनी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यक महाविद्यालयाला आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध सादर केला. वयाच्या चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल दहाच दिवस जगले होते, हे त्या प्रबंधाच्या मागचे वास्तव. त्याच वर्षी मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले. पुढे १९२६ मध्ये परळच्या गिरणगावात नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह उभे राहिले. प्रसूतिगृहांनी बाळंतरोगाने मरणाऱ्या किती स्त्रियांना वाचवले याविषयी दुमत नाही. पुढे येणारे विवेचन त्यांच्याविरुद्धचे गाऱ्हाणे समजू नये.

गिरणगावातील आईची अडचण पूर्णपणे नवीन होती. १९२२ च्या कारखाना कायद्याने कामाचा दिवस जास्तीत जास्त ११ तासांचा ठरवला. जाण्यायेण्याचा वेळ धरता तान्हे बाळ तेवढा काळ चाळीत राही आणि आईचे दूध तेवढा काळ छातीत. दूध बाळाच्या मागणीवर तयार होते. वेळच्या वेळी काढले गेले नाही तर शरीर ते कमी करत जाते. तेव्हा दूध 'आटते' ते दृष्टीने नव्हे, भोंग्याने. बाळ गप्प राहावे म्हणून त्याला अफूची बारीक गोळी देण्याची चाल गिरणी कामगार स्त्रियांमध्ये सर्रास होती, हे १९२० च्या दशकातील चौकशांत पुढे आले. गुंगीत असलेले बाळ संध्याकाळी आई आल्यावरही जोराने ओढून पिऊ शकत नसणार, हा दुसरा फटका. १९२१ मध्ये मुंबईतील बालमृत्यूंचे प्रमाण दर हजार जन्मांमागे ६०० च्या पुढे गेल्याची नोंद आहे. बाळंतपणाला गावी जाण्याची रीत असल्याने शहरात जन्म कमी आणि मृत्यू अधिक नोंदले जात; त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा घेता येत नाही. तो निम्मा धरला तरी भयंकरच आहे.

१९२९ चा मुंबई प्रसूती लाभ कायदा हा देशातील या प्रकारचा पहिला कायदा. त्यासाठी ना. म. जोशी यांनी केंद्रीय विधिमंडळात १९२४ पासून प्रयत्न केले होते. बाळंतिणीला काही आठवडे पैसे मिळू लागले. परंतु पाजण्यासाठी कामातून दोन वेळा सुटी देण्याची स्पष्ट तरतूद देशपातळीवर १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात, बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत, आली. आणि पाळणाघराची सक्ती १९४८ च्या कारखाना कायद्यात. तोवर गिरण्यांतील स्त्रियांची संख्याच घटू लागली होती. गिरणी कामगारांचे संप आपण पदवीच्या वर्गांत तारीखवार शिकवतो. याच कामगारांपैकी काहींच्या ओल्या झालेल्या चोळ्यांचा उल्लेख त्या व्याख्यानांत येत नाही.

मध्यमवर्गात अडचण भोंग्याने नव्हे, घड्याळाने आणली. न्यूझीलंडचे डॉ. ट्रुबी किंग यांनी दर चार तासांनी पाजण्याची आणि रात्री न पाजण्याची शिस्त पुरस्कारली. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत ती इंग्रजी जगात प्रमाण मानली गेली. इंग्रजी वैद्यकाबरोबर वेळापत्रकाची ही कल्पना हिंदुस्थानातही आली. बाळ वेगळ्या खोलीत, आई वेगळ्या खाटेवर आणि पाजण्याची वेळ परिचारिकेच्या हाती, अशी प्रसूतिगृहांची पद्धत अनेक ठिकाणी रुजली. वेळापत्रकाने पाजले की दूध कमी होणे क्रमप्राप्तच. मग 'दूध पुरत नाही' ही भीती, आणि भीतीवर तयार उत्तर : डबा. हेन्री नेस्ले यांनी शिशुआहार १८६७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये आणला होता. ग्लॅक्सोचा डबा १९२० च्या दशकात मुंबईमार्गे हिंदी बाजारात स्थिरावला. १९६० च्या सुमारास म्हशीच्या दुधापासून शिशुआहार बनवण्याचे तंत्र म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेत विकसित झाले आणि अमूलने त्याचे उत्पादन सुरू केले. परकीय डब्याला स्वदेशी पर्याय मिळाला. आईच्या अडचणीला नाही. 'गुटगुटीत बालक स्पर्धा' हा शब्दप्रयोग मराठीत रूढ झाला आणि डब्यावरचे गोबरे बाळ घरोघरच्या कॅलेंडरांवर झळकू लागले. अंगावर पिणाऱ्या सडपातळ, पण निरोगी बाळाच्या आईला मग स्वतःच्या दुधाविषयी शंका वाटू लागली, तर दोष तिचा कसा म्हणावा?

डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३९ मध्ये सिंगापूर येथे डब्यातील दुधाच्या जाहिरातींना सरळ हत्येची उपमा दिली होती. जागतिक आरोग्य संघटनेची आचारसंहिता येण्यास १९८१ साल उजाडले. भारताचा कायदा १९९२ चा, त्यातील कठोर दुरुस्ती २००३ ची. शिशुआहाराची जाहिरात, मोफत नमुने आणि डब्यावर बाळाचे चित्र यांना त्याने मनाई केली. या चळवळीतील स्तनपान प्रोत्साहनाचे राष्ट्रीय जाळे १९९१ मध्ये वर्धा येथे स्थापन झाले.

हात परत आणण्याचे प्रयत्न :

कायद्याने डबा आवरला. हात परत आणणे हे वेगळे काम होते. त्याचा महाराष्ट्रातील सर्वांत ठळक प्रयत्न मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात झाला. १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने तेथे मातृदुग्धपेढी सुरू झाली. ती आशियातील पहिली मानली जाते. रुग्णालयातील ज्या मातांना दूध अधिक येते त्या ते देतात. दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवून, गोठवून ठेवले जाते आणि अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळांना दिले जाते. दूधआईची परंपरा येथे निर्जंतुक, निनावी आणि जातिनिरपेक्ष झाली. सुश्रुताने धात्री स्ववर्णाची असावी असे म्हटले होते. पेढीतील बाटलीला वर्ण नसतो. शिवाय पेढीला दूध मिळायचे तर मातेला हाताने दूध काढता आले पाहिजे. म्हणजे सुईणीचे जे कौशल्य कागदावर नव्हते, ते शिकवल्याशिवाय पेढी चालूच शकत नाही.

असे प्रयत्न सर्वत्र पोहोचले नाहीत, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या आकड्यांतून दिसते. २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात देशातील संस्थात्मक प्रसूती ७८.९ टक्क्यांवरून ८८.६ टक्क्यांवर गेल्या. पण जन्मानंतर तासाभरात छातीशी लावलेल्या बाळांचे प्रमाण ४१.६ वरून केवळ ४१.८ टक्के झाले. याच काळात सिझेरियन प्रसूती १७.२ वरून २१.५ टक्क्यांवर गेल्या, हे एक कारण खरेच. शस्त्रक्रिया झालेल्या आईला कुशीवर वळवून बाळ लावून द्यायला माणूस लागतो. पहिले सहा महिने निव्वळ आईच्या दुधावर असलेल्या बाळांचे प्रमाण मात्र ५४.९ वरून ६३.७ टक्के झाले, ही समाधानाची बाब. रुग्णालयात खाट वाढली, खाटेशेजारी बसणारी जाणती व्यक्ती त्या प्रमाणात वाढली नाही, असा या आकड्यांचा अर्थ प्रस्तुत लेखक लावतो. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचे झाले. महाविद्यालयीन शिक्षकवर्गाने आपापल्या संस्थेत अशी खोली आहे का हे एकदा पाहावे. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापिकेला ही रजा मिळते का, हेही.

या इतिहासाची साधने लिखित नाहीत आणि ती वेगाने नाहीशी होत आहेत. घरी बाळंत झालेल्या, सुईणीच्या हाताखाली पाजायला शिकलेल्या स्त्रिया आज सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्या मुलाखती इतिहास आणि मराठी विभागांच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून देता येतील. विचारायचे प्रश्न साधे आहेत : पहिल्यांदा बाळ छातीशी कोणी लावून दिले, कितव्या दिवशी, चिकाचे काय केले, छातीला गाठ झाली तेव्हा कोणाला बोलावले आणि तिने हाताने नेमके काय केले, दूध पुरत नाही असे प्रथम कोण म्हणाले, त्या स्वतः की दुसरे कोणी, आणि डबा घरात आला तो कोणाच्या सांगण्यावरून.